सात नंबरचं कापड

धुक्यातून आधी एक नाक आलं. ओलं, काळं, फुरफुरणारं. त्या नाकाखालच्या दातांनी चिनात्सुच्या गळ्यातला मफलर पकडला आणि घोडी सरळ चालू लागली.

"अहो, सांगा ना हिला काहीतरी!"

"सांगितलंय. ऐकत नाही." धुक्यामागून आवाज आला. "तिला पिवळा रंग आवडतो. तुम्ही रोज पिवळाच मफलर घालून येता, त्याला मी काय करू?"

चिनात्सु लाजली. लाजलेलं दिसू नये म्हणून तिनं मफलर जरा जास्तच जोरात ओढला.

एप्रिलमध्ये हे पहिल्यांदा घडलं तेव्हा ती दचकून चिखलात बसली होती. तिला हात द्यायच्या आधी या रेइजी साकुमा नावाच्या मोतद्दारानं घोडीच्या तोंडातून मफलर सोडवला होता. "चांगल्यातला दिसतोय," असंही वर म्हणाला होता. आता जून उजाडला होता. हिदाकाच्या त्या किनाऱ्यावर धुक्याच्या सकाळी जूनमध्येही मफलर लागायचा, हे खरं. पण पिवळाच लागावा, असं काही नव्हतं.

"गुरुवारी शर्यत आहे," रेइजी म्हणाला. पागेच्या दारात दोन तांबूस घोड्या बांधलेल्या होत्या, हानामिचि आणि त्सुरारा. दोघी त्याच्याच हाताखालच्या, दोघी दोन वर्षांच्या. बोलता बोलता तो त्यांच्या पाठींवर नंबरांची कापडं टाकत होता, वर खोगीर चढवत होता. नजर मात्र कामावर नव्हती. "बाबांना सांगा, आमच्या त्सुराराला निदान एखादी खूण तरी द्या."

"बाबा वशिला चालवत नाहीत."

"मग तुम्ही द्या."

"कोणाला?"

तो थांबला. पट्टा घट्ट करायचा राहूनच गेला. "आधी... घोडीला."

तेवढ्यात वरून, लाकडी मनोऱ्यावरून, बाबांचा आवाज आला. अख्ख्या रेसकोर्सला ऐकू जाईल असा. "चिनात्सु! लाजून झालं असेल तर वर ये. घोड्या सुटतायत!"

तात्सुओ इसोबे गेली चौतीस वर्षं त्या मनोऱ्यावर उभे राहत होते. घोड्यांच्या शर्यतींचं जे छोटं वर्तमानपत्र तिथे निघायचं, त्यात त्यांचा रकाना असे. सकाळी घोड्यांचा सराव बघायचा, घड्याळ लावायचं, आणि शर्यतीआधी प्रत्येक नावापुढे खूण करायची. पहिल्या पसंतीला दुहेरी वर्तुळ, दुसरीला एकेरी, तिसरीला काळा त्रिकोण, जिची थोडीफार आशा आहे तिला पांढरा. बाकीच्यांपुढे कोरी जागा. सवय इतकी जडली होती की माणसांनाही ते खुणा देत. टोफूवालीला एकेरी वर्तुळ होतं. दाताच्या डॉक्टरला वीस वर्षं कोरी जागा.

तीन वर्षांपूर्वी सापोरोमधली नोकरी सोडून चिनात्सु घरी आली, तेव्हापासून ते घड्याळ दाबत आणि ती आकडे लिही.

धुक्यात घोड्या दिसत नव्हत्या. बाबांनी डोळे मिटले. "कान लाव," ते म्हणाले. टापा जवळ आल्या, त्यांनी डोळे उघडले, दोन तांबूस सावल्या समोरून गेल्या, दोन्ही हातांतल्या घड्याळांवर अंगठे दाबले गेले. "सात नंबर, छत्तीस पूर्णांक दोन सेकंद. बारा नंबर, अडतीस."

"सात म्हणजे हानामिचि," चिनात्सुनं लिहिलं. "सुसाट आहे की!"

बाबा घोड्या गेल्या त्या बाजूला बघत राहिले. मग आपल्या खिशातल्या वहीत बारीक अक्षरात काहीतरी खरडलं.

जिना उतरताना त्यांनी विचारलं, "आणि त्या मोतद्दाराला कुठली खूण?"

"कोरी जागा."

"अस्सं." ते हसले. "कोरी जागा देणारी माणसं इतकं पिवळं घालत नाहीत."

दुपारी जेवणं झाल्यावर बाबांनी गुरुवारचा रकाना सांगायला घेतला. हामानासु चषक, हजार मीटर, दोन वर्षांच्या घोड्यांसाठी. मिनिटभरात आटोपणारी शर्यत. पण बाबा त्या मिनिटासाठी तासभर बोलत.

"लिही. हानामिचि. पायात वीज, डोक्यात हवा. सुरुवातीचं दार उघडलं की फटाक्यासारखी सुटते, पण दोनशे मीटर उरले की तिला वाटतं, जिंकले मी."

"हे छापायचं?"

"छापायचंच. शिओकाझे. ही घोडी नव्हे, पोस्टमास्तरीण. वेळेवर येते, आधी कधीच येत नाही. काळा त्रिकोण. युकिमुशी... पोटानं मोठी, पायानं बुटकी. हिला आणलीच कशाला? कोरी जागा."

"बिचारी."

"त्सुरारा. उजवा कान मागे टाकून धावते. लोकांना वाटतं, रुसली. रुसत नाही ती. मागून कोण येतंय ते ऐकते."

"आणि दुहेरी वर्तुळ?"

"उद्या सांगतो."

"उद्या कशाला? आकडे समोर आहेत. हानामिचि जवळजवळ दोन सेकंदांनी पुढे आहे."

"उद्या, म्हटलं ना. चहा कर."

तिनं चहा केला. दोन कप घेऊन आली तेव्हा बाबांची पेन्सिल चटईवर पडलेली होती. तिनं कप ठेवले, पेन्सिल उचलली आणि त्यांच्या हातात द्यायला लागली. हात ती घेत नव्हता. तिनं पुन्हा दिली. पेन्सिल पुन्हा खाली पडली.

नंतर डॉक्टर आले. हृदय, म्हणाले. एका क्षणात, म्हणाले, काही कळलंही नसेल. चिनात्सु सगळ्याला मान डोलवत होती. डॉक्टर निघाले तेव्हा तिनं विचारलं, "चहा घेता का? दोन कप केलेत." ते तिच्याकडे बघतच राहिले, आणि मग खाली बसून तो गार चहा पिऊन गेले.

बुधवारी सकाळी संपादकांचा फोन आला. "चिनात्सु-सान, इसोबे-सानचा रकाना आम्ही कोरा ठेवू. लोक समजून घेतील."

कोरा. तो शब्द तिच्या अंगावर गार पाण्यासारखा पडला.

"बारा वाजेपर्यंत देते," ती म्हणाली.

दहा वाजता रेइजी दारात उभा होता. कोणाचा तरी काळा कोट मागून आणलेला, बाह्या मनगटाच्या वर. कॉलरला गवताची काडी चिकटलेली. त्यानं बाबांच्या फोटोसमोर उदबत्ती लावली, वाकून नमस्कार केला. पुष्कळ वेळ वाकलेलाच राहिला. मग तिच्याकडे वळला, पण वर बघितलं नाही.

"मला एक सांगायचंय. काल कापडं उलटी पडली."

"कसली कापडं?"

"सात नंबरचं कापड त्सुराराच्या पाठीवर होतं. बाराचं हानामिचिच्या. छत्तीस पूर्णांक दोन... तो वेळ त्सुराराचा आहे."

चिनात्सुला आधी शब्दच कळले नाहीत. मग एकेक कळत गेला.

"तुम्हाला कधी समजलं?"

"खोगीर उतरवताना."

"म्हणजे सकाळी सातला. बाबा दीड वाजेपर्यंत होते." तिचा आवाज अगदी शांत होता, आणि त्याचीच तिला भीती वाटली. "पागेतून इथे यायला सायकलनं दहा मिनिटं लागतात, साकुमा-सान."

"मी आधी आमच्या पागेच्या मास्तरांकडे गेलो. ते म्हणाले, पागेची नाचक्की होईल, गुरुवार संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. उघडलंस तर पागेत पाऊल ठेवायचं नाही. मी... घाबरलो."

"मग आज कशाला आलात?"

"त्यांचा शेवटचा आकडा चुकीच्या नावावर राहील म्हणून." तो थांबला. "तुम्ही छापा. माझ्या नावानिशी छापा."

"तीन महिने बघतेय मी तुम्हाला. एक नालसुद्धा कधी चुकला नाही तुमच्याकडून. कापडं कशी चुकली?"

त्यानं कोटाची आखूड बाही खाली ओढली. बाहेर कोणाचीतरी सायकल गेली.

"मी तुमच्याकडे बघत होतो," तो म्हणाला.

एप्रिलपासून ती या वाक्याची वाट बघत होती. सरावाच्या वाटेवर, ब्रेडच्या दुकानात, कुठेही ते आलं असतं तर तिनं हसून उडवून लावलं असतं आणि घरी येऊन शंभरदा आठवलं असतं. ते आज आलं, या खोलीत, या धुरात.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "कृपा करून जा."

तो गेला. गवताची काडी चटईवर पडली होती. चिनात्सु किती तरी वेळ तिच्याकडे बघत बसली. मग कागद पुढे ओढला. हानामिचिच्या आकड्यावर काट मारायची, तर बाबांच्या वहीत एकदा पडताळून बघावं, म्हणून तिनं त्यांच्या जाकिटाच्या खिशात हात घातला.

मंगळवारचं पान. बारीक, तिरपी अक्षरं.

'सातचं कापड, पण कान त्सुराराचा. साकुमाच्या पोरानं घोळ घातलाय. घोळाचं कारण माझ्या शेजारी उभं आहे, पिवळा मफलर घालून. उद्यापर्यंत थांबू. आपणहून सांगायला येतो का, बघू. आला, तर —'

पुढे काही नव्हतं. ती रेघ पानाच्या कडेपर्यंत गेली होती.

तिनं पान उलटलं. मागे कोरं. पुन्हा वाचलं. पुन्हा. बाबांना माहीत होतं. धुक्यात, नुसत्या एका सावलीवरून, सगळं माहीत होतं. आणि ज्याची ते वाट बघणार होते तो आला होता, दुसऱ्याच दिवशी, नोकरी पणाला लावून. तिनं त्याला दारातून घालवून दिलं होतं.

बाराला पाच मिनिटं कमी असताना तिनं रकाना पाठवला. हानामिचिला एकेरी वर्तुळ. त्सुराराला दुहेरी. खाली एक ओळ: सरावाच्या दिवशी दोघींच्या पाठीवरची कापडं बदलली गेली होती, ही चूक त्यांचा मोतद्दार रेइजी साकुमा यानं स्वतः येऊन सांगितली.

गुरुवारी सकाळी बाबांचे अंत्यविधी झाले. सूर्य कलताना चिनात्सु त्याच काळ्या कपड्यांत रेसकोर्सच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. जो तो वर्तमानपत्र वाचत होता. त्सुराराचा लगाम दुसऱ्याच माणसाच्या हातात होता. रेइजी कुठे दिसतो का, ते ती गर्दीत शोधू लागली.

दार उघडलं. हानामिचि फटाक्यासारखी सुटली. दोनशे मीटर उरले आणि तिला वाटलं, जिंकले मी. त्सुरारा उजवा कान मागे टाकून तिच्या पुढे गेली, आणि ओरडा एवढा उठला की समुद्र ऐकू येईना. तेवढ्यात अगदी बाहेरच्या बाजूनं, कोणी बघतही नव्हतं अशा जागेवरून, पोटानं मोठी आणि पायानं बुटकी अशी एक घोडी आली आणि मान पुढे काढून गेली.

युकिमुशी. कोरी जागा.

सगळं मैदान गप्प. मग चिनात्सुच्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "इसोबे असता तर टोपी जमिनीवर आपटली असती."

"आणि म्हणाला असता, हिला आणलीच कशाला?" त्यांची बायको म्हणाली.

चिनात्सुला हसू आलं. मंगळवारनंतर पहिल्यांदा. ते हसू कधी रडणं झालं ते तिला कळलं नाही. शेजारच्या बाईंनी काही न विचारता आपला रुमाल पुढे केला.

शुक्रवारी पहाटे धुकं होतंच. चिनात्सु एकटी मनोऱ्यावर चढली. दोन्ही खिशांत दोन घड्याळं. बाबा कठड्याच्या ज्या भागावर कोपर टेकत तिथला रंग उडालेला होता. ती त्याच्या शेजारी, आपल्या जागी उभी राहिली.

जिन्यावर पावलं वाजली. रेइजी होता. हातात लगाम नव्हता, खांद्याला पिशवी होती.

"मास्तरांनी काढलं," तो म्हणाला. "उराकावाला एका फार्मवर माणूस हवाय म्हणे. दहाची बस आहे. म्हटलं, जायच्या आधी... त्सुराराला दुहेरी वर्तुळ दिलंत, त्याबद्दल..."

"हरली ती."

"मानेएवढ्या अंतरानं हरली. नेहमीसारखी ऐकत राहिली, पण चुकीच्या बाजूला."

ती हसली नाही. वही उघडून तिनं त्याच्या पुढे धरली. तो वाचू लागला; वाचता वाचता त्याचे कान लाल झाले, मग डोळे.

"म्हणजे त्यांना... त्याच सकाळी?"

"त्याच सकाळी."

"आला, तर... पुढे काय?"

"पुढे लिहिलेलं नाही."

खाली टापा वाजू लागल्या. लांब, मऊ, धुक्याच्या पोटातून येणाऱ्या. चिनात्सुनं एक घड्याळ खिशातून काढून त्याच्या हातावर ठेवलं.

"हे धर."

"मी?"

"रकाना आता माझ्याकडे आहे. मी आकडे लिहीन की अंगठा दाबीन? एकटीला जमत नाही. शिवाय त्सुराराचा कान तुला माझ्याहून चांगला ओळखता येतो."

"आणि बस?"

"रोज असते."

त्यानं पिशवी खाली ठेवली. बाबांच्या जागेकडे बघितलं आणि एक पाऊल मागे सरकला, ती जागा मोकळी सोडून. ते तिनं पाहिलं. रंग उडालेल्या कठड्याकडे ती वळली.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. खाली जाणाऱ्या घोड्यांना, त्यांच्या स्वारांना, धुक्यात उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "तुम्ही विचारलं होतंत ना? मी खोटं सांगितलं. कोरी जागा नव्हती. दुहेरी वर्तुळ होतं... एप्रिलपासून."