शांत भाग कापा

हर्षाली त्या दिवशी रेकॉर्डिंगला गेलीच नव्हती मुळी. रेकॉर्डिंग होतं तिच्या मैत्रिणीचं, स्नेहलचं. ही आपली सोबतीला. पण नाशिक रोडच्या त्या छोट्या स्टुडिओचा जिना चढेपर्यंत स्नेहलचा घसा पार बसला, आणि गळ्यात हेडफोन अडकवलेल्या रेकॉर्डिस्टनं, जीवननं, दाराशी उभ्या हर्षालीकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणता का? थोडीच वाक्यं आहेत."

एका दवाखान्याच्या फोनवर वाजायची वाक्यं होती ती. हर्षालीनं म्हटली. जीवननं फाइल फोनच्या फॉरमॅटमध्ये बदलून ऐकवली, आणि ती फिस्सकन हसली.

"'फहा दाबा'? असं म्हटलं मी?"

"फोनचा फॉरमॅट आवाजातलं बारीक बारीक टाकून देतो. स बिचारा फ होऊन बसतो. एरवी… स फार छान आहे तुमचा."

"माझ्या स ला आजवर कुणी छान म्हटलं नव्हतं."

"मग लोक बहिरे असतील."

सुरुवात झाली ती अशी. पुढे ती सिन्नरहून, घरूनच मोबाइलवर वाक्यं म्हणून पाठवायची आणि तो ती बदलून कंपन्यांना द्यायचा. काहीतरी निमित्त काढून ती स्टुडिओत यायची, चहा व्हायचा, थट्टामस्करी व्हायची. पण मनातलं बोलायला दोघंही मुखदुर्बळ! अहो-जाहोच्या पुढे गाडी सरकेना.

मार्गशीर्षात तिला विंचूरचं स्थळ आलं. कांद्याचे व्यापारी, एकुलता मुलगा. तिचे वडील, तात्या, खुशीत होते.

"लोक लय चांगले हायेत, पोरी. रविवारपर्यंत सांग."

तात्या पलीकडच्याच खोलीत, फोन करायचा कसा? मेसेज लिहिला नि पुसला, पुन्हा लिहिला नि पुसला. शेवटी एका बँकेची वाक्यं म्हणून झाल्यावर तिनं रेकॉर्डिंग बंदच केलं नाही. थोडी थांबली… आणि पुटपुटली, "जीवन, मला बघून गेलेत. तुमच्या मनात काही असेल तर बोला. नाहीतर मी हो म्हणेन."

फाइल पाठवली. जीवनचं उत्तर आलं, "मिळालं. एकदम क्लीन!"

एवढंच. उशीत तोंड खुपसून ती रडली, आणि रविवारी सुपारी फुटली.

नंतरचे दिवस आभाळ नुसतं भरून राहिलेलं, ना पाऊस ना ऊन. आता काम बंद करते हे सांगायला ती स्टुडिओत गेली, तेव्हा जीवन कुणाच्या तरी फाइली बदलत होता.

"शेवटी काय काय येतं लोकांच्या! पंखा, शेजारचा कुकर, लांबची कुत्री… मी 'शांत भाग कापा' हे सेटिंग कायमचं लावूनच टाकलंय. हळू असेल ते आपोआप जातं."

"माझ्याही फाइलींचं?"

"सगळ्यांच्याच. मी ऐकतो ती बदललेलीच फाइल."

हर्षालीनं विचारलं,

"आणि मूळ फाइल?"

"काम झालं की उडवतो. का? काही राहिलं का?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तिला गप्प राहता आलं असतं. पण यंत्रानं एकदा कापलं ते कापलं. आता तेच आपल्या हातानं कापायचं?

बँकेच्या फाइलीच्या शेवटी पुटपुटलेलं ते सगळं तिनं पुन्हा म्हटलं. या वेळी मोठ्यानं. आणि पुढे म्हणाली, "'एकदम क्लीन' हेच तुमचं उत्तर समजले मी. हो म्हटलं. रविवारी सुपारी फुटली."

जीवनचा चेहरा उतरला.

"भाड्याच्या खोलीतला माणूस मी… तुम्हाला कुठल्या तोंडानं विचारणार? फार आवडता तुम्ही मला, हर्षाली. पण आता सांगून काय उपयोग!"

"आहे उपयोग." तिला हुंदका आला. "तात्या माझ्याशी बोलायचे नाहीत. कदाचित कधीच नाही. विंचूरच्या लोकांचा तर काहीच दोष नाही, त्यांना कसं तोंड दाखवू? पण आज घरी सांगणार आहे मी."

जीवननं कॉम्प्युटर तसाच सोडला आणि उठून चपला शोधू लागला.

"मी येऊ सोबत? तात्यांनी हाकललं तरी दारात उभा राहीन."

हर्षालीनं डोळे पुसले.

"ये," ती म्हणाली.