आईनं उघडी सोडलेली घरं

माझी आई अडोलोराटा जाळं दुरुस्त करायला बसली की जाळ्याचं एक टोक परसातल्या अंजिराला बांधलेलं असायचं आणि दुसरं तिच्या पायाच्या अंगठ्याला. दिवसभर धक्क्याजवळच्या कारखान्यात तारल्या साफ करून ती घरी यायची, आम्हाला जेवू घालायची आणि उजेड असेपर्यंत लाकडी सुई चालवायची. ओठांत दोरा आणि ओठांवर जपमाळेची प्रार्थना, दोन्ही एकदम. ती डावखुरी होती. शाळेत नन्सनी हात बांधून ठेवला तरी सवय गेली नाही, त्यामुळे तिच्या गाठी उलट्या पडायच्या. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या अख्ख्या फ्रीमँटल बंदरात तशी गाठ दुसऱ्या कुणाची नव्हती.

इटलीतल्या मोल्फेत्ताहून ती इकडे आली ती नवरा न बघताच. लग्न तिकडच्या चर्चमध्ये लागलं, नवऱ्याच्या जागी दीर उभा राहिला. बंदरात उतरल्यावर तिनं हातातला फोटो पाहिला. फोटोत केस होते, समोरच्या माणसाला नव्हते. "जहाज लगेच परत फिरणार नव्हतं म्हणून राहिले," असं ती वडिलांना म्हातारपणीही चिडवायची.

तिची एक रीत होती. जाळं दुरुस्त झालं की वरच्या, बुचांवर तरंगणाऱ्या दोरीखाली ती काही घरं, म्हणजे गाठींमधले चौकोन, मुद्दाम गाठ न मारता उघडी सोडायची. बोटीवर जेवढी माणसं, तेवढी घरं. समुद्राला आपण वाट ठेवली तर तोही आपल्या माणसाला वाट ठेवतो, असं तिचं म्हणणं. मी तापानं घरी राहिलो तर माझं घर ती बंद करायची. वडील कुरकुरायचे, पण जाळ्याला हात लावायची त्यांची छाती नव्हती.

माउरो माझा धाकटा भाऊ. सतरा वर्षांचा, दांडगा, अंगानं माझ्या दीडपट. बोटीच्या मागच्या बाजूला, डावीकडे, दोराच्या वेटोळ्यावर बसायची त्याची जागा ठरलेली. तो बसला की बोट तिकडे कलायची आणि वडील ओरडायचे, "पेटी सरकवा रे उजवीकडे, आमचा बैल आलाय." त्या सकाळी तो यायचाच नव्हता. सुटता सुटता धक्क्यावरून उडी मारून बोटीत आला. दुपारी 'डॉक्टर' सुटला, म्हणजे आमच्याकडचा रोजचाच समुद्रवारा, एक मोठी लाट आली आणि ती ओसरली तेव्हा माउरो नव्हता. त्याचं काहीच सापडलं नाही.

जाळ्यात दोनच घरं उघडी होती.

वडिलांचा तोवर नायलॉनवर विश्वास नव्हता. आमची जाळी सुती दोऱ्याची, तो दोरा आई वॅटलच्या, म्हणजे इकडच्या बाभळीच्या, सालीच्या काढ्यात उकळायची, त्यानं तिची बोटं कायम तपकिरी असायची. वडिलांनी ती सगळी जाळी आणि उरलेला दोरा परसात जाळून टाकला. पुढे दर ऑक्टोबरात, बोटींना आशीर्वाद द्यायला मादोन्नाची, म्हणजे मारियामातेची, मूर्ती बंदरावर नेतात तेव्हा आई काळ्या कपड्यांत, अनवाणी, मूर्तीच्या मागे चालायची. काय मागतेस, असं मी एकदा विचारलं.

"एकच," ती म्हणाली. "त्याचं घर माझ्याकडून उघडायचं राहिलं. तेवढं मला उघडू दे."

मी इंजिन आणि हवामानाचा अंदाज मानणारा माणूस. मला तिची फार कीव आली आणि थोडा रागही आला. जिवंत मुलगा समोर बसलाय, हे तिला दिसत नव्हतं का?

यंदाच्या हिवाळ्यात ती गेली. शुद्ध हरपलेली होती, तरी डाव्या हाताची बोटं चादरीवर गाठी मारत होती. तिच्या हातचं शेवटचं जाळं अर्धवट राहिलं होतं. ते मी पूर्ण केलं, हिरव्या नायलॉननं, एकही घर न सोडता. माझी मुलगी रोझाल्बा बोटीवर माझ्यासोबत असते. ती दारात उभी राहून बघत होती.

"पपा, आपली दोन सोडली नाहीस."

"मासे सोडायचेत का त्यांतून?"

"नोन्नाला आवडलं नसतं."

"तुझी आजी आता मादोन्नाच्या जाळ्यांना गाठी मारत असेल. हे जाळं माझं आहे."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाळं उचललं तर दोन घरं उघडी होती. दोरा कापलेला नव्हता, उंदरानं कुरतडलेला नव्हता. गाठ सोडवून कडा नीट बांधून घेतलेल्या होत्या. मी रोझाल्बाला झापलं. तिनं मादोन्नाची शपथ घेतली, मग मला हसली आणि म्हणाली की तिला जाळ्याची गाठ कुठे येते! ते खरंच होतं. ती इंजिन बघते, सुई तिनं कधी हातात धरली नाही. मी घरं पुन्हा बंद केली, शेडला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली.

मूर्तीच्या मिरवणुकीनंतरच्या सकाळी आम्ही निघालो. वारा नव्हता. रॉटनेस्ट बेटाच्या अलीकडे, जिथे आम्ही नेहमी जातो तिथेच जाळं सोडलं आणि कॉफी प्यायलो. पाणी इतकं शांत मी क्वचितच पाहिलंय. सीगलसुद्धा पाण्यावर गप्प बसले होते.

ओढायला लागलो तेव्हा जाळं जड लागलं. बोयमासे भरपूर होते. बुचांची दोरी माझ्या हातांतून सरकत होती आणि मी गाठी बघत होतो, कारण बघायचं नाही असं ठरवलं होतं.

पहिलं उघडं घर आलं. गाठ उलटी होती.

मग दुसरं.

रोझाल्बानं जाळं ओढायचं यंत्र थांबवलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. मला भीती वाटायला हवी होती. पण चर्चमध्ये मूर्ती खांद्यावरून आत येते तेव्हा जसं आपोआप उठून उभं राहायला होतं, तसं झालं. मी टोपी काढली.

"अजून आहे," रोझाल्बा हळूच म्हणाली.

तिसरं घर पहिल्या दोन्हींपेक्षा मोठं होतं. त्याच्या कडा नायलॉनच्या नव्हत्या. सुती दोरा, घट्ट पिळाचा, तपकिरी. मी गाठीवरून अंगठा फिरवला. काढ्याचा रंग बोटाला लागला. ताजा होता.

"मम्मा," मी म्हणालो. "झालं गं तुझं."

रोझाल्बानं उरलेलं जाळं एकटीनं आत घेतलं. मी सुकाणू धरलं आणि बंदराकडे वळलो. मागे वळून बघितलं नाही.

बोट सरळ जाईना. मागून डावीकडे कललेली होती.

रोझाल्बानं मासे भरलेली पेटी दोन्ही हातांनी धरली आणि काही न विचारता उजवीकडे सरकवली.