थांबा सहा: गालिचा उचलू नये

निळ्या कापडाचा एक पडदा, उशीच्या अभ्र्याएवढा. वर पितळी कड्या, आठ.

एक कात्री. दुकानात दुसऱ्या कुणी ती हातात घेतली, तर कापड कापलं जात नाही, नुसतं चावलं जातं.

"त्यांच्यानंतर या खोलीत कुणी साधी टिचकीही वाजवलेली नाही, मंडळी."

लाकडी फळ्यांवर घासून गुळगुळीत झालेले दोन डाग. प्रत्येक डाग टाचेएवढा.

एक वार. गुरुवार.

*

"गालिच्याला मी हात लावणार नाही," पडघम म्हणाली. "खाली झुरळ निघालं तर मी सरळ घरी."

"तू कालही हेच म्हणालीस आणि मग माझा डबा संपवून गेलीस," कंपास म्हणाला.

सुट्टीचे दिवस होते. गॅरेजच्या मागच्या खोलीत तिघं बादल्या घेऊन उभी होती. पडघम शेजारची. शाळेच्या बँडमध्ये ड्रम शिकत होती, म्हणून जेवणाच्या टेबलापासून लोकांच्या पाठीपर्यंत सगळं बडवायची. कंपास हा टिंबचा मामेभाऊ. सुट्टीला आला होता आणि येताना मोजपट्टी घेऊन आला होता. आणि टिंब? टिंब गाइडची मुलगी.

जगभर गाजलेला तो बँड याच गावात सुरू झाला. पोस्टरवरचे ते चौघं याच गल्ल्यांतून हिंडले. टिंबचे बाबा तेव्हा सतरा वर्षांचे होते आणि त्यांचं सामान उचलायचे. आता ते पर्यटकांना सात ठिकाणं दाखवायचे. थांबा एक, शाळा. थांबा तीन, ज्या हॉटेलातून चौघांना हाकललं ते हॉटेल. थांबा सहा, ही खोली, त्यांची पहिली तालमीची जागा. टिंब पुढे पिवळा झेंडा धरून चालायची. बाबांचं प्रत्येक वाक्य तिला पाठ होतं. बाबा कुठे खोकणार, तेसुद्धा.

शनिवारी या खोलीबाहेर नगरपालिकेची पाटी लागणार होती. म्हणून ही झाडलोट.

"उचल गं तिकडून," टिंब म्हणाली. तिघांनी मांडून ठेवलेले ड्रम बाजूला केले आणि गालिचा गुंडाळला.

झुरळ निघालं नाही. फळ्यांवर खळगे निघाले.

कंपास लगेच गुडघ्यावर बसला. "तीन खळगे, त्रिकोणात. हे स्टूल. पुढे, जरा डावीकडे, दोन, हे मोठ्या ड्रमचे पाय. आणि हे दोन डाग?"

"टाचा," पडघम म्हणाली. "दोन पायांना दोन पेडल असतात. एकानं मोठा ड्रम वाजतो, दुसऱ्यानं झांजा उघडतात नि मिटतात. टाच तिथेच घासत राहते." ती स्टुलाच्या जागी उकिडवी बसली, पाय ठेवून बघितले, आणि गप्प झाली. पडघम गप्प झाली म्हणजे काहीतरी होतं.

"काय गं?"

"हे उलटं आहे. झांजांचं पेडल डाव्या पायाला असतं. इथे मोठा ड्रम डाव्या टाचेसमोर आहे, म्हणजे झांजा उजवीकडे. आमच्या बँडमध्ये एक डावरा आहे ना, तो बसला की सगळं सामान आरशात बघितल्यासारखं फिरवावं लागतं. तसं."

तिघांनी भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहिलं. चौघांतला ड्रमवाला हसत होता. झांजा त्याच्या डाव्या हाताला होत्या.

"मग दुसऱ्याच कुणाचे असतील हे," कंपास म्हणाला.

"त्यांच्यानंतर या खोलीत कुणी साधी टिचकीही वाजवलेली नाही," टिंब म्हणाली. वाक्य बाबांचं होतं. तोंडातून आपोआप आलं.

"म्हणजे त्यांच्या आधी. किंवा त्यांच्यातच."

दारात बाबा उभे होते. "गालिचा कुणी काढायला सांगितला?"

"बाबा, इथे डावरं कुणीतरी..."

"कपाट होतं तिथे. जड होतं." त्यांनी स्वतः गालिचा पसरला, पायानं कडा दाबल्या. "खिडक्या पुसा. उगाच काहीतरी उकरत बसू नका."

ते गेल्यावर कंपास हळूच म्हणाला, "कपाटाला टाचा असतात का?"

कुणी हसलं नाही. टिंब तर नाहीच. बाबा थापा मारतात हे तिला माहीत होतं. हॉटेलातल्या हाकलण्याची गोष्ट दरवर्षी वाढायची. पण त्या थापा पर्यटकांसाठी असायच्या. ही तिच्यासाठी होती.

*

(इथे थांबा नाही. बाबा इथून पर्यटकांना भरभर नेतात.)

आत्याचं शिवणकामाचं दुकान, आणि दारात तिघं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती डाव्या हातानं निळं कापड कापत होती.

"शनिवारच्या पाटीचा पडदा," ती म्हणाली. "तुझ्या बाबानं सांगितलाय. कड्या त्यानं आठच पाठवल्यात, दहा हव्या होत्या. नेहमीचंच त्याचं."

टिंब कात्रीकडे बघत राहिली. ही कात्री तिनं हजारदा पाहिली होती, पण तिची पाती उलटी, डाव्या हातासाठीची आहेत, हे आज दिसलं. लहानपणी तिनं ती उचलून कागद कापायला घेतला होता आणि आत्या हसली होती, राहू दे, ती फक्त माझं ऐकते.

"आत्या, तू ड्रम वाजवायचीस?"

कात्री थांबली.

"कुणी सांगितलं?"

"फळ्यांनी," कंपास म्हणाला.

आत्यानं कापड खाली ठेवलं. "अकरा महिने," ती म्हणाली. "ती खोलीही मीच शोधली होती. गॅरेजवाल्याच्या बायकोचे ब्लाउज मी शिवायचे, त्या ओळखीनं."

"मग पोस्टरवर तू का नाहीस?" पडघमनं विचारलं.

"कारण मी गाढव आहे. शहरात पहिलं रेकॉर्डिंग होतं. शुक्रवार समजून मी काठ्या पिशवीत घालून बसस्टँडवर गेले. त्यांच्या गाडीची वाट बघत दोन तास उभी होते. रेकॉर्डिंग आदल्या दिवशीच झालं होतं. त्यांनी तिथलाच एक वाजवणारा बसवला. तोच मग पुढे राहिला." तिनं पुन्हा कापड उचललं. "स्वतःच्या चुकीचं काय सांगायचं लोकांना."

"तुला वार कुणी सांगितला होता?" टिंबनं विचारलं.

"तुझ्या बाबानं. निरोप तोच आणायचा. त्यानं बरोबरच सांगितला असणार गं. लग्नसराईचे कपडे होते हातात, माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं."

टिंबनं बाबांचं वाक्य मनात म्हणून पाहिलं. थांबा सहावर, खिडकीपाशी उभं राहून, बाबा रोज म्हणायचे: *आणि मग तो गुरुवार उजाडला, मंडळी. सकाळी आठ वाजता मी माझ्या या हातांनी गाडीत सामान चढवलं.*

"आत्या, तू बाबांची सफर कधी केलीयेस का?"

"नाही बाई. आपली फजिती बघायला कोण तिकीट काढतं?"

*

दुकानाच्या पायरीवर.

"सांगून टाकायला हवं होतं तिला," पडघम म्हणाली.

"काय सांगणार? तुझ्या भावानं तुला फसवलं?" कंपास म्हणाला. "ते काकांनी सांगायला हवं."

"काका सांगतील?"

"मी विचारते," टिंब म्हणाली.

विचारलं. बाबा झेंड्याची काठी पुसत होते.

"बाबा, पाटीवर नावं किती?"

"चार."

"पाचवं नाही?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "लोक चौघांसाठी येतात, बेटा. पाचवं नाव लावलं की प्रश्न विचारत बसतात."

"आणि आत्या कुठल्या वारी..."

"झेंडा घडी करून ठेव."

एवढंच. टिंबनं घडी घातली. तिला वाटलं होतं ते चिडतील, किंवा रडतील. ते काठी पुसत राहिले.

*

थांबा सहा. शनिवार. पर्यटक सतरा.

नगरपालिकेच्या बाईंची गाडी गल्लीच्या तोंडाशी अडकली होती. बाबा घाईघाईनं निघाले. "टिंब, पाच मिनिटं तू बोल. तुला पाठ आहे."

पाठ होतंच. तिनं एकही शब्द बदलला नाही. टिचकीपर्यंत आली आणि म्हणाली, "मंडळी, तुमच्यात कुणी ड्रम वाजवतं का?"

एका उंच माणसानं हात वर केला. तोपर्यंत कंपास नि पडघम यांनी ड्रम हलवून गालिचा गुंडाळलाही होता, आणि स्टूल बरोबर तीन खळग्यांत ठेवलं होतं.

"टाचा डागांवर ठेवा," कंपास म्हणाला.

उंच माणूस बसला. पाय ठेवले. उचलले. पुन्हा ठेवले. "चुकतंय काहीतरी. मोठ्या ड्रमचे खळगे डाव्या पायासमोर आहेत, हे मला उलटं पडतंय. डावऱ्या माणसाची बैठक आहे ही."

"पण तो डावरा नाही," एक चष्मेवाली आजी म्हणाली. "माझ्याकडे त्याचे दोनशे फोटो आहेत."

लोक वाकून बघू लागले. तेवढ्यात आत्या दारात आली. हातात निळा पडदा. "हा कुठे टांगायचा?"

"आत्या, आधी बस," टिंब म्हणाली.

"वेडी आहेस का? एवढ्या लोकांत?"

"एकदाच."

आत्या बसली. तिनं खाली पाहिलंही नाही. टाचा सरळ डागांवर गेल्या.

दारात बाबा आणि नगरपालिकेच्या बाई येऊन उभ्या होत्या. टिंबला आता थांबता आलं असतं. पण बाबांचं पुढचं वाक्य शिल्लक होतं.

"आणि मग तो गुरुवार उजाडला, मंडळी," ती म्हणाली. "सकाळी आठ वाजता माझ्या बाबांनी त्यांच्या हातांनी गाडीत सामान चढवलं."

आत्यानं मान वर केली. "गुरुवार?" ती भावाकडे बघत म्हणाली. "तुला गुरुवार ठाऊक होता?"

"ताई, आत बसून बोलू."

"इथेच बोल. इथे तू रोज बोलतोस म्हणे."

बाबांनी रुमाल काढला, पुसलं काहीच नाही. "त्यांना दुसरा वाजवणारा हवा होता. तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती त्यांच्यात. मला म्हणाले, तिला शुक्रवार सांग. तेवढं केलंस तर तुलाही गाडीतून शहरात नेऊ."

"आणि नेलं तुला?"

"नेलं."

"सव्वीस वर्षं मी स्वतःला गाढव म्हणतेय," आत्या म्हणाली. "एकदा तरी म्हणायचंस, ताई, नाहीयेस तू गाढव."

नगरपालिकेच्या बाईंनी पाटी कोरणाऱ्या कारागिराला बोलावलं. तो म्हणाला, खाली दोन बोटं जागा आहे, पाचवं नाव बसेल, सोमवारी आणून देतो. पाटी चारच नावांची होती, म्हणून ती त्या दिवशी लागली नाही. बाई मुलांना म्हणाल्या, "फार हुशार आहात. शाबास." चष्मेवाल्या आजीनं पडघमचा गालगुच्चा घेतला. कंपासनं मोजपट्टी मिटून खिशात घातली आणि पहिल्यांदाच काही मोजावंसं त्याला वाटलं नाही.

थांबा सातकडे निघताना बाबांनी झेंड्यासाठी टिंबकडे पाहिलं. तिनं तो उंच माणसाच्या हातात दिला आणि ती आत्याजवळ जाऊन बसली.

आत्या पडद्याची एक कडी पुन्हा शिवत होती. म्हणाली, "चांगलं उसवलंस गं. कापड न फाडता."

"फाटलं, आत्या."

"हो," आत्या म्हणाली. "थोडं फाटलं."

सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारी सकाळी सव्वासात वाजता दोघा भावंडांनी एकाच टेबलावर चहा घेतला होता. बाबांचा दुसरा कप आत्यानंच भरून दिला होता.