खुर्चीवरचा कोट

साहेब उठल्याशिवाय कोणी उठायचं नाही, हा थेसॉकच्या कचेरीतला न लिहिलेला नियम. आणि माएंग साहेब म्हणजे घरी जायचाच कंटाळा असलेले गृहस्थ! पण आज सोरा पाच वर्षांची झाली होती आणि थेसॉकनं लेकीला जेवायला येण्याचा शब्द दिला होता. म्हणून त्यानं तिथे सगळेच करतात ते केलं. कोट खुर्चीच्या पाठीवर नीट घातला, टेबलावरचा दिवा चालू ठेवला आणि नुसत्या शर्टावर जिन्यानं सटकला. कोट दिसला की माणूस जागेवर आहे, असंच सगळे धरून चालत.

सोलच्या थंडीनं त्याची हाडं गारठली, पण मन खुशीत होतं. इतक्या लवकर तो वर्षभरात घरी गेला नव्हता. त्याची बायको युनही हल्ली त्यावरून भांडतही नसे. मध्यंतरी एकदाच म्हणाली होती, "तुमचा जुना स्वेटर जेवताना तुमच्या खुर्चीवर घालून ठेवते मी. पोरीला तेवढंच बरं वाटतं. बोलते हो ती त्याच्याशी!" तेव्हा तो हसला होता. आता त्या हसण्याची त्याला लाज वाटली.

त्यांच्या मजल्यावरच्या बोळात कोणी आलं की दिवा आपोआप लागे. मांजर गेलं तरी लागे. तो लागला. वाढदिवसाला करतात त्या समुद्री शेवाळाच्या सूपचा वास दाराबाहेर येत होता. थेसॉकनं कुलपाचे आकडे दाबले. दार किलकिलं झालं आणि आतल्या साखळीला अडलं. फटीतून त्याला चपलांच्या ओळीत आपले बूट दिसले, उजवी टाच झिजलेले. त्यानं खाली पाहिलं. ते पायातही होते.

"बाबा, अजून एक घास!" आत सोरा खिदळत होती.

"अगं, गिळू तर दे त्यांना," युनही म्हणाली. तिचा इतका मोकळा आवाज त्यानं कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. त्यानं फटीला तोंड लावलं.

"सोरा... बाबा आलाय गं..."

पावलं धावत आली. फटीत सोराचा चेहरा दिसला, ओठांना सूप लागलेलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग बोळाच्या टोकापर्यंत पाहिलं.

"आई, कोणीच नाहीये..."

"दार लाव, राणी. सूप गार होतंय," आतून पुरुषाचा आवाज आला. तो थेसॉकचाच होता.

दार लागलं. खिशातला फोन थरथरला.

"अरे थेसॉक, मघापासून काचेतून बघतोय तुला," माएंग साहेब आज कधी नव्हे ते मायेनं बोलत होते. "मान खाली घालून खरडतोयस, तेही कोट चढवून. घाई कळते रे मला. पोरीचा वाढदिवस ना? जा घरी."

"साहेब, मी तिथे नाहीये... साहेब..."

"हॅलो? काही ऐकू येत नाही... हं, हात केलास, दिसला."

फोन बंद झाला. पाठोपाठ बोळातला दिवाही विझला. थेसॉकनं हात हलवले. मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन तो दारासमोर वेड्यासारखा उड्या मारू लागला. आत टाळ्या वाजत होत्या, गाणं सुरू झालं होतं.

दिवा काही लागला नाही.