घेऊ का?

श्रेयस, तो मोबाइल पालथा ठेव, उजेड डोळ्यांवर येतो. सई, तू भिंतीकडे सरक, वारं गार आहे. लाइट येईल तेव्हा येईल. सिडकोत गेली की तासभर तरी येत नाही, इतक्या वर्षांत एवढं कळलंय मला.

भुताचं सांगा म्हणता, पण भूत मी पाहिलेलं नाही. हे मल्हारीसोबत घडलं. मल्हारी माझ्या सातपूरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत अकरा वर्षं होता. मी थकलो तेव्हा स्टुडिओ त्यालाच देऊन टाकला. तो खोटं बोलत नाही. खोटं बोलायला डोकं रिकामं लागतं, त्याचं सगळं वायरींनी भरलेलं.

तारीख सांगतो. १४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार, वैकुंठ चतुर्दशी. विधानसभेचं मतदान सहा दिवसांवर आलेलं. दिवसभर स्टुडिओत उमेदवारांची गाणी चालली होती, सगळ्यांची चाल एकच, फक्त चिन्ह बदलायचं. दुपारी तीनला मल्हारी त्यातून सुटला आणि मोटारसायकल काढून विंचूरला गेला. काम साधं होतं. एक हार्ड डिस्क आणायची होती.

'चौघं' नावाचा रॅप ग्रुप आठवतो तुम्हाला? नसेल आठवत, तुम्ही लहान होता. मयुरेश, संजना, फैजान आणि पुंजा. पुंजा विंचूरचा, मार्केट यार्डात हमाली करायचा. फैजान जुन्या नाशकातला, तोंडानेच सगळा ताल धरायचा. २०१८च्या फेब्रुवारीत एका रात्री नाशिकहून विंचूरला जाताना पुंजा आणि फैजानची गाडी रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकवर गेली. ट्रकला मागे दिवा नव्हता. ग्रुप संपला. मयुरेश अंबडच्या कारखान्यात लागला, संजना शाळेत. सहा वर्षांनी दोघं पुन्हा एकत्र आले, गेलेल्या दोघांच्या नावाने एक अल्बम करायचा म्हणून. नऊ गाण्यांपैकी आठ झाली होती. नवव्यात पुंजाचा आवाज हवा होता आणि मुंबईच्या कंपनीला फाइल दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत हवी होती.

पुंजाच्या आईने, कुसुमबाईंनी, त्याच्या जुन्या रेकॉर्डिंगची ती डिस्क सहा वर्षं डब्यात जपून ठेवली होती. मल्हारीच्या हातात देताना म्हणाल्या, "चालती का नाय, ठाव नाय. पन एक करा. त्याचाच आवाज असू द्या. त्याच्यासारखा नगं."

मल्हारीने तिथूनच मयुरेशला फोन लावून दिला. मयुरेश म्हणाला, "काकू, त्याचाच असेल. शब्द देतो."

डिस्क चालली नाही. रात्री साडेनऊला स्टुडिओत मयुरेश आणि संजनासमोर लावली, तर आतून टक, टक, टक. बास. तासभर खटपट केली. मयुरेशने टेबलावर हात आपटला आणि मग खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्याने आधीच तयारी केलेली. पुंजाच्या जुन्या गाण्यांचे तुकडे कॉम्प्युटरला खाऊ घालायचे, की कॉम्प्युटर त्याच्या आवाजात हवं ते बोलतो. हल्ली सगळे करतात म्हणे.

"काकूंना काय सांगितलंस दुपारी?" संजनाने विचारलं.

"आवाज त्याचाच आहे ना?"

"आणि शब्द?"

शब्द मयुरेशचे होते. कंपनीला आवडतील असे, धुतलेले, इस्त्री केलेले. 'हाय'चं 'आहे' केलेलं, 'लय'चं 'खूप'. विंचूरच्या हमालाच्या तोंडी निबंध स्पर्धेचं मराठी. मला हे ऐकूनच संताप आला होता. पण असो, मी तिथे नव्हतो.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. त्या रात्री स्टुडिओत माइक नव्हता. होता तो एकुलता एक, संध्याकाळी एका उमेदवाराची पोरं सभेला घेऊन गेली. आणतो म्हणाली, आणला नाही. फोन लावला तर उचलायला तयार नाहीत. मल्हारी अर्धा तास शिव्या देत होता. म्हणजे रेकॉर्डिंग होणारच नव्हतं. नुसती जोडाजोड होणार होती.

साडेअकराला गाणं जोडून झालं. पडद्यावर वाजवलं, सगळं ठीक. पुंजा बोलतोय. मग सगळे आवाज एकत्र करून फाइल बाहेर काढली आणि ऐकली. मयुरेश आला, संजना आली, ताल चालू. पुंजाच्या जागी काहीच नाही. चाळीस सेकंद नुसता ताल.

"बटण दाबलं गेलं असेल," मयुरेश म्हणाला.

दाबलेलं नव्हतं. पुन्हा काढली. पुन्हा तेच. वायर बदलली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबायचं, आणि प्रत्येक वेळी ती चाळीस सेकंद मोकळी. साडेबाराला मयुरेश मल्हारीला म्हणाला, "दादा, हे डबडं भंगारात घाला." मल्हारी म्हणाला, "डबड्याने आज अकरा उमेदवार वाजवले. तुझंच अडतंय." संजना दोघांना गप्प करत होती आणि स्वतःच रडकुंडीला आली होती.

पावणेएकला पाचवी फाइल काढली.

पुंजाची जागा आली, आणि त्या मोकळ्या जागेच्या तोंडाशी कुणीतरी हळू म्हणालं, "घेऊ का?"

मग पुन्हा नुसता ताल.

तिघांनीही ऐकलं.

आता हे 'घेऊ का' काय, ते सांगतो. यार्डात गोणी उचलून हमालाच्या पाठीवर देतात. वाकलेला हमाल आधी विचारतो, घेऊ का? देणारा म्हणतो, घे. तेव्हाच तो वजन घेतो. न विचारता घेतलं तर मणका जातो. पुंजाला ती सवय गाण्यातही लागली होती. माइकसमोर उभा राहिला की आधी विचारणार, घेऊ का? आणि फैजान मागून लांबवून म्हणणार, "घेऽऽ." त्याशिवाय पुंजाच्या तोंडातून शब्द निघायचा नाही. मल्हारी नंतर ते दोन्ही कापून टाकायचा. कचरा म्हणून.

"जुना तुकडा राहिलाय तुमचा," मयुरेश मल्हारीवर खेकसला.

"एकही नाही. मी स्वतः कापलेत. सगळे."

"मग हे काय आहे?"

मल्हारीने त्या जागेवरचं सगळं पुसलं. सहावी फाइल काढली.

"घेऊ का?"

या वेळी आवाज जवळ होता. मल्हारी सांगतो, आधीचा दाराबाहेरून आल्यासारखा होता. हा खोलीतून.

मल्हारीने हेडफोन काढून ठेवले. दार आतून बंद होतं. स्टुडिओखालचं वर्कशॉप बंद. रस्त्यावर एक गाडी नाही.

"तो विचारतोय," संजना म्हणाली.

"गप बस."

"मयुरेश, तो तुलाच..."

"गप म्हटलं ना."

सातवी फाइल. एक वाजून वीस मिनिटं.

"घेऊ का?"

आता मागे. खुर्चीच्या मागे.

कुणी वळून पाहिलं नाही.

मग मयुरेश खाली जमिनीवर बसला आणि बोलायला लागला. संजनालाही ते माहीत नव्हतं. ती त्या दिवशी परीक्षेला गेली होती.

तो अपघाताचाच दिवस होता. याच स्टुडिओत, दुपारी. पुंजाने नवं लिहून आणलं होतं, कागदावर. आदल्या दिवशी मुंबईच्या एका कंपनीचा माणूस मयुरेशला सांगून गेला होता की हे गावठी कुणाला कळत नाही, पुंजाला गाळ. पुंजा माइकसमोर उभा राहिला. विचारलं, घेऊ का? फैजान तोंड उघडणार तेवढ्यात मयुरेश म्हणाला...

इथे तो थांबला.

"काय म्हणालास त्याला?" संजनाने विचारलं.

"राहू दे."

ते 'राहू दे' ऐकून पुंजाने कागद घडी करून खिशात ठेवला. भांडला नाही. संध्याकाळपर्यंत बसून राहिला, इतरांचं ऐकत. रात्री फैजान म्हणाला, चल, तुला घरी सोडतो.

"त्याने मला पुन्हा विचारलंच नाही," मयुरेश म्हणाला.

एक चाळीस.

मल्हारीने आठव्यांदा बटण दाबलं. का, ते त्यालाही सांगता येत नाही. त्याने त्या जागेवर काही ठेवलेलं नव्हतं. कॉम्प्युटरचा आवाज नाही, मयुरेशचे शब्द नाहीत. कोरी जागा. पडद्यावर पट्टी सरकत होती. मयुरेश उठला. माइकच्या रिकाम्या स्टँडकडे तोंड करून उभा राहिला.

पट्टी त्या जागेवर आली.

"घे," मयुरेश म्हणाला. एवढंच. तुटक.

फाइल झाली.

लावली.

ताल. मयुरेश. संजना. मग...

"गोण मह्या पाठीवर, गोणीवर नाव नाय,
वझं ज्यानं उचललं, त्याला कुठं भाव नाय..."

सोळाच्या सोळा ओळी. दम लागलेला ऐकू येत होता, गोणी घेतलेल्या माणसाला लागतो तसा. मयुरेशने ते शब्द एकदाच पाहिले होते, त्या कागदावर. ते कधी रेकॉर्ड झालेच नव्हते, मग डिस्कमध्ये कुठून असणार? कागद पुंजाच्या खिशात होता, आणि ते कपडे... असो.

संजना भिंतीला टेकून खाली बसली. मल्हारी म्हणतो, मयुरेशने ते एकदाच ऐकलं आणि फाइल तशीच पाठवून दिली.

कंपनीचा फोन सकाळी अकराला आला. शब्द समजत नाहीत, आणि मधे ते 'घेऊ का, घे, घे' काय चाललंय, ते काढून स्वच्छ पाठवा. मयुरेश म्हणाला, "राहू दे." कंपनीने अल्बम घेतला नाही. या दोघांनी मग स्वतःच तो इंटरनेटवर टाकला. सहाशे लोकांनी ऐकला असेल. उमेदवारांची गाणी लाखांनी ऐकली.

मल्हारीने ते 'घे' काढून पाहिलं होतं, त्याला राहवतं कुठे. पडद्यावर त्या जागेला रेघ सपाट आहे. कापायला काही नाहीच. फाइल काढली की परत येतं.

कुसुमबाईंना ऐकवायला तो स्वतः विंचूरला गेला. त्यांनी फोन कानाला लावला. पुंजाच्या ओळी सुरू होण्याआधीच त्यांनी मान वर केली.

"फैजान बी हाय व्हय संगं?"

मल्हारीने मान डोलावली.

"मग बरं हाय," त्या म्हणाल्या, आणि पुढचं ऐकत बसल्या.

कारण त्या गाण्यात 'घे' दोनदा आहे. एक मयुरेशचं, तुटक. आणि त्याच्या अर्धा श्वास आधी, मागून, लांबवलेलं एक.

आणि त्या रात्री नसलेला माइक दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला.