वाळ्याच्या ताटीआडचे दोन आवाज

“तुम्ही कानांनी ऐकलं, की डोळ्यांनी?”

प्रेमिला दचकून वळली. सीताबर्डीवरच्या त्या रेडिओच्या दुकानात ती शिरली होती ती फक्त उन्हातून घटकाभर सावलीला. काउंटरवरचा विलायती अ‍ॅम्प्लिफायर वाजत होता आणि ती सहज म्हणाली होती, “किती गोड!” शेजारी साध्या पत्र्याच्या पेटीत बसवलेला घरगुती अ‍ॅम्प्लिफायर होता, त्याच्याकडे तिनं पाहिलंही नव्हतं. आता ती पेटी घडवणाराच समोर उभा होता... विस्कटलेले केस, हातात पेचकस, डोळ्यांत मिश्कील हसू. विश्वनाथ. जबलपूरहून इंजिनिअर होऊन आलेला.

“मुलींच्या शाळेत गाणं शिकवते मी,” ती ताठ होत म्हणाली. “माझ्या कानावर आजवर कोणी शंका घेतली नाही.”

“मग मीच पहिला! बरं झालं जी.”

प्रेमिलाला राग यायला हवा होता. उमरेडला वडील मागावर बसायचे, तेव्हा आतल्या खोलीतून नुसत्या आवाजावरून ती सांगायची, बाबा, धागा तुटला. त्या कानावर हा बोट ठेवतो! पण राग काही येईना.

“डोळे झाकून सांगीन, विलायती कोणता ते.”

“डोळे काहून झाकता? चांगले आहेत ते,” विश्वनाथ म्हणाला. “पेट्याच झाकू.”

ती ज्या संगीत मंडळात गायची, त्याला नेमका नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा होता. चिटणीस दादाजी म्हणाले, “प्रेमिला म्हणेल तो घेऊ.” आणि विश्वनाथची बहीण सुमती हळूच तिच्या कानाशी लागली, “दादाची पेटी इथं कोणी घेतली नाही, तर तो मुंबईले नोकरीवर जाणार आहे वं.”

त्या दिवसापासून प्रेमिलाचं गाण्याच्या तासाला लक्ष लागेना. जाईना का मुंबईला, आपल्याला काय त्याचं? – असं ती स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

रविवारी सकाळी मंडळाच्या दालनात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडलं होतं. ओल्या वाळ्याचा गंध भरून राहिला होता. एका ताटीआड दोन्ही पेट्या आणि सुमती. कोणती केव्हा लावायची, ते तिनं नाणं उडवून ठरवायचं. रेकॉर्ड तीच, कर्णाही तोच. विश्वनाथ मात्र बाहेर व्हरांड्यात निघाला.

“तुम्ही का जाता?”

“समोर राहिलो तर माझ्या चेहऱ्यावरून ओळखाल.”

“तुमच्या चेहऱ्याकडे बघते कोण!” ती बोलून गेली... आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

सूर उमटले. आधी एक पेटी, मग दुसरी, असं पुन्हा पुन्हा. प्रत्येक जोडीत तिला एक आवाज अधिक भरदार, अधिक जवळचा वाटला. दर वेळी तिनं तोच निवडला. “हाच विलायती,” ती म्हणाली. सुमती ताटीआडून ओरडली, “दादाचा! सगळ्या वेळी दादाचाच!”

टाळ्या पडल्या. विश्वनाथ आत आला, पण हसला नाही. त्यानं मीटर लावून पाहिलं आणि मान हलवली.

“माझा थोडासा मोठा वाजून राहिला. मोठा आवाज कानाले गोडच वाटते. पुन्हा करू.”

“अरे, जिंकला ना तू!” दादाजी वैतागले. “काहून उकरून काढतो?”

“मग मले कधीच समजणार नाही दादाजी, माझी पेटी खरंच कशी आहे ते.”

प्रेमिला त्याच्याकडे पाहतच राहिली. हातात आलेलं यश असं अलगद खाली ठेवणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता.

दोन्ही आवाज सारखे करून पुन्हा रेकॉर्ड लागली. तिनं श्वास रोखून ऐकलं. हा... नाही, तो... की हाच? सुमतीनं निकाल सांगितला, तेव्हा जितकं बरोबर, तितकंच चूक निघालं. साऱ्यांच्या नजरा तिच्यावर वळल्या. आज डोकं दुखतंय, एवढं म्हणाली असती तरी भागलं असतं. ती उभी राहिली.

“मले फरक ऐकू येत नाही,” घरची बोली आपोआप ओठांवर आली. “नाहीच आहे फरक. मघाशी मी नुसत्या मोठ्या आवाजाले भुलली.”

मागच्या रांगेत कोणी फिसकन हसलं. विश्वनाथ हसला नाही. तो तिच्याकडे असा पाहत होता, की तिला पदर सावरावा लागला.

दादाजींनी घसा खाकरला. “फरकच नाही, तर आपल्या गावातला बरा. बिघडला तर हाक मारता येते.”

दुपारी घरी जायला ती उमरेडच्या मोटारीत खिडकीशी बसली, तर खाली बहीण-भाऊ उभे.

“एवढ्या लोकांत खरं बोलल्या तुम्ही,” विश्वनाथ म्हणाला. “मी तर पाहतच राहिलो.” मग अडखळत, “उमरेडले... येऊ का मी?”

“काहून?”

“तुमच्या वडिलांले भेटायले.”

“त्यांच्याकडे रेडिओ नाही.”

“मुलगी आहे ना – ”

ती खाली पाहून हसली. “ते विचारतील, पोरगा कसा आहे?”

“मग? काय सांगाल?”

“सांगीन... असा माणूस सोडू नका, बाबा.”

कंडक्टरनं घंटी मारली. मोटार हलली. विश्वनाथ धुळीत तसाच खिळून उभा.

“जा ना गा दादा!” सुमतीनं त्याला मागून ढकललं.

तो धावला, दांडी पकडून वर चढला. धापा टाकत त्यानं उमरेडचं तिकीट मागितलं. प्रेमिलानं झटकन तोंड खिडकीबाहेर वळवलं. मोटारभर माणसं होती... तिचं हसू काही आवरत नव्हतं.