टिली खोटं भुंकत नाही

कंदील जरा पुढे ओढा आणि आधी काय हसायचं ते हसून घ्या. व्हर्जिलनं तोंड उघडलं की अख्खं खोरं दात काढतं, हे मला ठाऊक आहे. माझंच पेरलेलं आहे ते. पण जन्मात एकदा खरं सांगायला बसलो, तर समोर तुमच्यासारखी टवाळ मंडळी. नशीब, दुसरं काय!

तर, गेल्या डिसेंबरातली सकाळ. रात्रभर ताजा बर्फ पडलेला. मी आणि डेल्मर प्यूमाच्या मागावर निघालो. डेल्मर म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. ओपलनं त्याच्यात काय पाहिलं, ते मी चाळीस वर्षं विचारतोय. गाडीच्या मागे पेटीत दोन कुत्री होती, म्हातारा रस्टी आणि अडीच वर्षांची बिस्किट. बिस्किट म्हणजे डेल्मरच्या जुन्या कुत्रीच्या, टिलीच्या, शेवटच्या वेतातली एकटी जगलेली. तिच्यावर डेल्मरचा जीव. आणि त्याहून जास्त जीव त्या हातातल्या जीपीएसवर.

मुठीएवढं यंत्र ते. कुत्र्याच्या गळ्यात अँटेनाची तार असलेला पट्टा बांधायचा, की कुठलं कुत्रं कुठे आहे ते यंत्राच्या काचेवर दिसतं. धावत असेल तर धावणारं चित्र. जनावर झाडावर चढवून खाली मान वर करून भुंकत राहिलं, की झाडाला पुढचे पाय लावलेलं चित्र. माझी शाळा चौथीत सुटली, पण चित्र मलाही वाचता येतं. थंडीत बॅटरी मान टाकते म्हणून डेल्मर यंत्र काखेत दाबून चालतो. ओपलला कधी इतकं जवळ धरलं असेल तर शपथ.

माग सापडला, कुत्री सोडली. मग काय, दर दोन मिनिटांनी काखेतून यंत्र काढायचं, वर धरायचं, गोल फिरायचं, परत काखेत. मी म्हटलं, "लेका, कुत्र्यांच्या मागे जायचं की तुझा नाच बघायचा?"

तासाभरानं रस्टी एकटाच परत आला. शेपूट पोटाशी. आणि बिस्किट डोंगराच्या धारेपलीकडे दीड मैलावर, जागची हलेना. चित्र नुसतं बसलेल्या कुत्र्याचं. त्या बाजूला आठवडाभर लांडगे ओरडत होते. एकट्या कुत्र्याला लांडगे सोडत नाहीत. डेल्मर भरभर चालायला लागला.

चढ निम्मा झाला असेल, तो थबकला.

"व्हर्जिल, हे काय आहे?"

"यंत्र. तुझंच."

"टिली दिसतेय."

मी वाकून बघितलं. रस्टी, बिस्किट आणि खाली तिसरं नाव. टिली. तीनशे यार्ड पुढे, आमच्याच वाटेवर. झाडाला पाय लावलेलं चित्र.

आता टिलीला जाऊन दोन हिवाळे झाले होते. डेल्मरनं तिला घरामागे पुरली, गळ्यातला पट्टा काढवेना म्हणून तसाच ठेवून. यंत्रातलं तिचं नावही त्यानं पुसलं नव्हतं. पण हा मनुष्य घाबरायचं सोडून माझ्यावरच डाफरायला लागला! कारण एकदा मी टिलीचा पट्टा टपालवाल्याच्या गाडीला बांधला होता, आणि हा दिवसभर "ताशी साठ मैल पळतेय रे माझी पोर!" म्हणत तिच्यामागे जिल्हा हिंडला होता.

"तू तिला उकरलंस?"

"अरे, मी टवाळ आहे, कोल्हा नाही!"

"मग पट्टा चालू कसा झाला?"

"दोन दिवसांत बॅटरी संपते म्हणून माझं डोकं खातोस. दोन वर्षं कशी टिकली, ते मला काय विचारतोस?"

भांडतच आम्ही तिथं पोचलो. लार्चचं एक मोठं झाड, पानं झडून पार नागडं. वर ना प्यूमा, ना खार. बुंध्याभोवतीचा बर्फ कोरा. एक पाऊल नाही. यंत्रात अंतर शून्य. वारा नाही, आवाज नाही… फक्त ओल्या कुत्र्याचा वास. रस्टी दूरच बसला आणि दात दाखवत वर बघत राहिला.

आमच्याकडे रिकाम्या झाडावर भुंकणाऱ्या कुत्र्याला खोटारडं म्हणतात. तसं कुत्रं कुणी फुकटही घेत नाही. टिली अकरा वर्षांत एकदाही खोटं भुंकली नाही. मी खोटारडा, डेल्मर अर्धा खोटारडा, ओपलचं वय खोटं. त्या घरात खरं बोलणारी एकटी टिली.

आम्ही दोघं माना वर करून उभे. तेवढ्यात वरच्या एका फांदीवरचा बर्फ सरकला. थोडासाच. एका फांदीवरचं वजन दुसरीवर टाकलं की सरकतो, तेवढा. दुसरी फांदी हळूच वाकली… आणि वाकलेलीच राहिली.

"व्हर्जिल," डेल्मर कुजबुजला, "गंमत असेल तर आत्ता सांग. रागावणार नाही."

"नाही रे बाबा."

"शपथ?"

"ओपलची."

"तिची तर तू रोज घेतोस…"

मग तो म्हणाला, "तिनं धरून ठेवलंय त्याला. ती भुंकतेय तोवर ते उतरणार नाही. चल!"

सत्तरीचे दोन म्हातारे गुडघाभर बर्फातून असे पळाले की तुम्ही असतात तर तिकीट लावलं असतंत. बिस्किट एका पडलेल्या ओंडक्याखाली सापडली. अंगावर ओरखडा नाही, पण तोंडातून हूं की चूं नाही. लांडग्यांचा मागमूस नाही. प्यूमाचा माग मात्र तिथवर आला होता आणि उघड्या बर्फात, मधेच, संपला होता. पुढे ना पाऊल, ना रक्त.

डेल्मरनं तिला खांद्यावर घेतली आणि लार्चला लांबचा वळसा घालून आम्ही गाडी गाठली. टिलीचं चित्र तिथंच होतं, झाडाला पाय लावून. घरामागचा तिचा ढिगारा जसाच्या तसा, वर अख्खा बर्फ.

आठ दिवस चित्र तिथंच राहिलं. मग एका संध्याकाळी ते धावायला लागलं. थांबलं ते पुलाजवळच्या झाडाशी. मग चर्चमागच्या. परवा डेल्मरच्या अंगणातल्या सफरचंदाशी. काल हा गृहस्थ माझ्या दारात उभा, एका हातात यंत्र, दुसऱ्यात बिस्किटची दोरी.

"ते हिच्या मागावर आहे," म्हणाला. "माझ्याकडे झाडंच झाडं. तुझ्याकडे एक नाही. हिला ठेव. ओपलला झोप नाही रे."

बघा आता! वणव्याच्या भीतीनं घराभोवतीची सगळी झाडं मी तोडली, तेव्हा हाच मला येडा म्हणाला होता. आणि आता ही नसती पीडा निस्तरायला मी. पण पोरगी थरथरत होती. घेतली, यंत्रासकट.

तर ते यंत्र त्या टोकाच्या माणसाकडे द्या. नीट बघ रे. अंतर शून्य आहे ना? टिलीचं चित्र कुठलं? पाय वर लावलेलं? मग बरं आहे. तसं आहे तोवर बसा निवांत. धावणारं झालं तर मात्र लगेच सांग…

का, हसणं थांबलं? झाड नाही म्हणून तर तुम्हीच मला चिडवत होतात. झाड नाहीच. नुसतं छप्पर आहे. बिस्किट मघापासून कुठं बघतेय, ते बघितलंत का?

श्श… वरचा बर्फ सरकला, ऐकलात? थोडासाच.